बीजपेशींची जनुकं आणि कॅन्सर : सीताफळापासून फळमाशीपर्यंत

कमल रणदिवे हे नाव तुम्ही ऐकलं असेल, तर बहुधा ८ नोव्हेंबर २०२१ ला ऐकलं असेल. त्या दिवशी, त्यांच्या १०४ व्या जयंतीला, गुगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचं चित्र लावलं होतं. त्यानंतर व्हॉट्सॲपवर दोन दिवस फॉरवर्ड फिरले, आणि मग संपलं. फॉरवर्डमध्ये जे नसतं ते इथे लिहायचं आहे. रणदिवे बाई ज्या प्रश्नाभोवती आयुष्यभर फिरल्या, त्याच प्रश्नाचा आजचा अवतार म्हणजे माझा पीएचडीचा विषय. प्रश्न असा की बीजाचा आणि कॅन्सरचा संबंध काय?

थोडी माहिती आधी. कमलताई मूळच्या समर्थ, जन्म पुण्यातला, १९१७ चा. वडील दिनकर दत्तात्रय समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन, मग पुण्याचं कृषी महाविद्यालय. तिथे १९४३ मध्ये त्यांनी एम.एस्सी. केलं ते ॲनोनेसी कुळाच्या पेशी-आनुवंशिकीवर. ॲनोनेसी म्हणजे आपलं सीताफळ-रामफळाचं कुळ. अशा कामात कळीतले कोवळे परागकोश ठेचून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजत बसतात. पेशी बीज तयार करायला निघाली की गुणसूत्रांच्या जोड्या कशा लागतात, कशा सुटतात, ते पाहतात. किचकट आणि डोळे फोडणारं काम आहे. (आजही आहे, फक्त सूक्ष्मदर्शक महाग झालाय.)

लग्नानंतर त्या मुंबईला गेल्या आणि टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये काम करू लागल्या. तिथे वसंत रामजी खानोलकर होते. भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घेतात. खानोलकरांचा कॅन्सरकडे पाहण्याचा रोख सवयींवर होता. १९४५ मध्ये त्यांनी आणि सूर्याबाई यांनी मिळून एक निबंध छापला. कमरेला धोतर करकचून बांधणाऱ्यांत त्याच जागी होणारा कॅन्सर, आणि आंध्रकडे चुट्ट्याचं जळतं टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांचा टाळूचा कॅन्सर, अशी उदाहरणं त्यात आहेत. म्हणजे कॅन्सर बाहेरून येतो: घासण्यातून, जळण्यातून, तंबाखूतून. रणदिवे बाईंनी याच खानोलकरांकडे १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी केली, पण त्यांचा ओढा आतल्या बाजूकडे राहिला. काही घराण्यांत, काही उंदरांच्या वाणांत स्तनाचा कॅन्सर पिढ्यान् पिढ्या का दिसतो?

तेव्हा या प्रश्नाने जगभर घोळ घातला होता. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर या छोट्या गावी जॅक्सन लॅबोरेटरी आहे. उंदरांचे शुद्ध वाण तयार करणारी ती पंढरीच. तिथे जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये एक साधा प्रयोग केला. कॅन्सर होणाऱ्या वाणाची पिल्लं जन्मल्याबरोबर उचलून कॅन्सर न होणाऱ्या वाणाच्या आईच्या अंगावर पाजायला ठेवली. त्या पिल्लांत मोठेपणी कॅन्सरचं प्रमाण धाडकन खाली आलं. म्हणजे जे बीजातून येतं असं सगळे धरून चालले होते, ते दुधातून येत होतं! पुढे त्या दुधात एक विषाणू सापडला. गोष्ट इथे संपली असती तर सोपं झालं असतं. पण १९६० च्या दशकात नेदरलँड्समध्ये असाही वाण मिळाला की ज्यात हा रोग बापाकडूनही पिल्लांत उतरतो. बाप काही दूध पाजत नाही. कळलं असं की त्या वाणात विषाणूची प्रत उंदराच्या स्वतःच्या डीएनएमध्ये, शुक्रपेशी आणि अंडपेशींच्या डीएनएमध्ये, जाऊन बसली होती. दुधातून आणि बीजातून, दोन्ही उत्तरं खरी निघाली.

याच काळात रणदिवे बाई बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत पेशी वाढवायला शिकून आल्या. हेन्रिएटा लॅक्स यांच्या 'हेला' पेशी ज्यांनी वाढवल्या तेच हे गाय. १९५२ मध्ये परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं, खानोलकर त्याचे पहिले संचालक. तिथे बाईंनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली आणि उंदरांवर वर्षानुवर्षं काम केलं: हार्मोन, विषाणू, आनुवंशिकता यांतलं कोण किती जबाबदार. स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिकतेशी संबंध ओळखणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. माणसातलं बीआरसीए-१ हे जनुक हाती लागलं ते १९९४ मध्ये, बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर.

पण हा झाला एक संबंध: बीजातून दोष खाली येतो, आई-बापाकडून लेकराला. दुसरा संबंध वेगळा आहे आणि त्याकडे लक्ष जायला जास्त वेळ लागला. त्यात तुमच्या बीजात काहीही खोट नसते. शरीरातली एखादी साधी पेशी, त्वचेची, फुप्फुसाची, मेंदूची, अचानक बीजपेशींची जनुकं वापरायला लागते.

हे समजायला आधी बीजपेशी वेगळ्या का, ते पाहावं लागेल. माझं गाव आंबेगाव तालुक्यात. आमच्याकडे आणि शेजारच्या जुन्नर तालुक्यात कांदा लावणाऱ्या घरांत हे वेगळं सांगायला नको. खायचा कांदा वेगळा, बियाचा कांदा वेगळा. चाळीतून एका रंगाचे, एका आकाराचे, घट्ट कांदे निवडून बाजूला काढतात आणि दिवाळीच्या आसपास पुन्हा जमिनीत लावतात. त्यांना दांडा येतो, वर पांढरा गेंद फुलतो, आणि उन्हाळ्यात त्यातलं काळं बी झाडून घेतात. बाकीचा कांदा खाऊन-विकून संपतो. पुढच्या साली जातं ते फक्त हे बी. १८९२ मध्ये जर्मनीतल्या ऑगस्ट वाइसमान यांनी प्राण्यांच्या शरीराबद्दल जवळजवळ हेच म्हटलं. शरीराच्या पेशी एका पिढीपुरत्या. बीजपेशींची ओळ मात्र आधीच बाजूला काढून ठेवलेली असते आणि ती न तुटता पुढे चालते. त्याला जर्मलाईन म्हणतात, आपण बीजरेषा म्हणू. शरीराला जे होतं ते बीजरेषेत शिरत नाही, हे दाखवायला वाइसमान यांनी उंदरांच्या शेपट्या कापल्या. पाच पिढ्या, ९०१ पिल्लं, एकही बिनशेपटीचं जन्मलं नाही.

इथे कोणी मंचरचा असेल तर लगेच म्हणेल, मग बटाट्याचं काय? सातगाव पठारावर बेणं म्हणून जो बटाटा लावतात तो बी नाहीच, तो झाडाच्या अंगाचाच तुकडा, डोळा असलेला. बरोबर आहे. वनस्पतींत बीजरेषा अशी लवकर वेगळी काढलेली नसते. कुठल्याही फांदीवरचा अंकुर पुढे फुलावर येऊ शकतो. वाइसमानची भिंत प्राण्यांपुरती. म्हणून कांद्याचं उदाहरणही मी समजावण्यापुरतंच घेतेय.

तर प्राण्यांच्या बीजरेषेत काही स्टेम सेल असतात. त्या आयुष्यभर विभागत राहतात आणि अंडपेशी किंवा शुक्रपेशी पुरवतात. त्यांच्याकडे काही खास जनुकं असतात. काहींचं काम 'अजून काही बनू नकोस, स्टेम सेलच रहा' असं सांगण्याचं, काहींचं डीएनएमध्ये उड्या मारणाऱ्या तुकड्यांना आवर घालण्याचं, काहींचं गुणसूत्रांच्या जोड्या लावण्याचं. शरीराच्या इतर पेशींतही ही जनुकं असतातच, कारण डीएनए सगळीकडे तोच. पण तिथे ती कुलपात असतात. हे कुलूप बऱ्याचदा रासायनिक असतं, जनुकाच्या सुरुवातीला मिथाइलचे बारीक शिक्के मारलेले असतात.

कुलूप उघडलं तर काय होतं? पुन्हा बार हार्बरला जाऊ. १९५३ च्या सुमारास तिथे लिरॉय स्टीव्हन्स नावाचे तरुण संशोधक होते. एका तंबाखू कंपनीच्या पैशातून सिगारेटचे घटक उंदरांवर तपासण्याचं काम त्यांच्याकडे आलं होतं. त्यात त्यांना १२९ नावाच्या वाणाचा एक नर दिसला, ज्याचा वृषण सुजला होता. कापून पाहिलं तर गाठीत केस, स्नायू, कूर्चा असा सगळा खिचडा. त्या वाणाच्या साधारण शंभर नरांत एकाला हे होत होतं. स्टीव्हन्स यांनी तंबाखू बाजूला ठेवली आणि पुढची कित्येक वर्षं या गाठींच्या मागे लागले. (अनुदान देणाऱ्याला काय वाटलं असेल ते सोडा.) त्यांनी दाखवलं की या गाठी गर्भातल्या आद्य बीजपेशींपासून निघतात. बीजपेशी आपला रस्ता सोडून भलतंच काही बनायला लागते. पुढे याच वाणात एक बदल मिळाला, ज्याने गाठींचं प्रमाण शंभरातल्या एकावरून नव्वदीच्या पुढे गेलं. त्यामागचं जनुक २००५ मध्ये सापडलं, 'डेड एंड'. ते बीजपेशी टिकवण्याचंच काम करतं.

माझं स्वतःचं काम फळमाशीवर आहे, म्हणजे केळं पिकलं की घोंघावणाऱ्या त्या चिलटासारख्या माशीवर. मादीच्या अंडाशयात बारीक नळ्या असतात आणि प्रत्येक नळीच्या टोकाला दोन-तीन स्टेम सेल शेजारच्या पेशींना चिकटून बसलेल्या असतात. शेजारीण त्यांना सतत एक निरोप पाठवते, 'अशीच रहा'. स्टेम सेलचे दोन भाग झाले की एक शेजारणीजवळ राहतो, दुसरा लांब पडतो. लांब पडलेल्याला निरोप पोचत नाही, मग त्यात एक जनुक जागं होतं आणि ती पेशी अंड्याच्या वाटेला लागते. चार वेळा विभागून सोळा पेशी होतात, त्यातली एक अंडं. ते जागं होणारं जनुक बिघडलं तर? पेशी मोठ्या होत नाहीत, नुसत्या वाढत जातात आणि नळी गोल-गोल सारख्या पेशींनी ठासून भरते. १९९० मध्ये मॅककिअरिन आणि स्प्रॅडलिंग यांनी हे पाहिलं आणि जनुकाचं नाव ठेवलं 'बॅग ऑफ मार्बल्स', गोट्यांची पिशवी. पहिल्यांदा ती स्लाइड पाहाल तर तुम्हीही दुसरं नाव सुचवू शकणार नाही.

आता पर्यंतच्या गोष्टी बीजपेशी स्वतः बिघडल्याच्या. साधी पेशी बीजाची जनुकं उसनी घेते, हे आधी माणसात दिसलं, आणि कोणी ते शोधत नव्हतं. ब्रुसेल्समध्ये थिएरी बून यांचा गट मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरवर काम करत होता. एका रुग्ण बाईच्या रक्तातल्या टी-पेशी काचेच्या ताटलीत तिच्याच कॅन्सरच्या पेशी मारत होत्या. त्या नेमकं काय ओळखतात? १९९१ मध्ये त्यांना ते जनुक मिळालं, नाव दिलं मेज-१. मग ते शरीरात कुठे कुठे चालू असतं हे तपासलं. यकृत नाही, फुप्फुस नाही, मेंदू नाही. निरोगी शरीरात ते मिळालं ते वृषणातल्या बीजपेशींत. हळूहळू अशा जनुकांची मोठी यादी झाली. दिल्लीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजीत अनिल सुरी यांच्या गटाने शुक्रपेशींशी संबंधित 'स्पॅग-९' शोधलं आणि ते गर्भाशयमुखासह अनेक कॅन्सरमध्ये दाखवलं. १९९६ मध्ये बून यांच्याच गटाने दाखवलं की पेशीतले मिथाइलचे शिक्के औषधाने उतरवले की मेज-१ जागं होतं. म्हणजे कुलूप तेच होतं.

इथे एक रास्त शंका आहे. कॅन्सरच्या पेशीत सगळाच गोंधळ असतो, शिक्के सगळीकडून उडालेले असतात. त्यात चार बीज-जनुकं जागी झाली तर त्यात विशेष काय? डेंगळ्याचं पाहा. खायच्या कांद्याच्या वाफ्यात थंडी लांबली किंवा रोप जास्त दिवसांचं झालं, की मधूनच कांद्याला डेंगळा येतो, म्हणजे बियाचा दांडा नको तेव्हा निघतो. तो कांदा चाळीत टिकत नाही, व्यापारी बाजूला काढतो. तिथे आपल्याला खात्री असते की कांदा बिघडला तो दांड्यानेच. कॅन्सरमध्ये ही खात्री नव्हती. जागी झालेली बीज-जनुकं रोग वाढवतात, की नुसती रोगाची खूण आहेत?

२०१० मध्ये बार्सिलोनातल्या कायेतानो गोन्झालेझ यांच्या गटाने हे फळमाशीत सरळ तपासलं. एल(३)एमबीटी हे जनुक बिघडलेल्या माशीच्या अळीच्या मेंदूत गाठ होते. त्या गाठीत त्यांना नॅनोस, वासा, पिवी, ऑबर्जिन अशी बीजपेशींची जनुकं चालू दिसली. मेंदूत! मग त्यांनी यांतलं एकेक बंद करून पाहिलं. चारांपैकी कुठलंही एक बंद केलं तरी गाठीची वाढ दबली. म्हणजे निदान या गाठीत ही जनुकं प्रवासी नव्हती, गाडी हाकत होती. माझ्या मते या क्षेत्रातला हा सगळ्यात स्वच्छ प्रयोग आहे. अर्थात वाद संपला नाही. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या युर्गन क्नोब्लिख यांच्या गटाने त्याच गाठीत वाढीवर लगाम ठेवणारी दुसरी एक यंत्रणा सैल झालेली दाखवली. दोन्ही एकत्रही खरं असू शकतं. दूध आणि बीज यांच्यासारखं.

(जाता जाता: वासा हे स्वीडनच्या एका राजघराण्याचं नाव. बीजपेशींच्या जनुकांना वंश खुंटलेल्या राजघराण्यांची नावं देण्याची माशीवाल्यांची पद्धत होती. ट्यूडर, व्हाल्वा, स्टाउफेन, सगळे त्याच यादीत.)

डॉक्टरांना या जनुकांचं आकर्षण वाटलं ते साहजिक होतं. निरोगी शरीरात फक्त बीजपेशींत, आणि बीजपेशी तर टी-पेशींना दिसत नाहीत, कारण त्या आपल्या पृष्ठभागावर प्रथिनांचे तुकडे मांडत नाहीत. म्हणजे या प्रथिनावर नेम धरला तर मरेल फक्त कॅन्सर. कागदावर याहून चांगलं लक्ष्य नाही. प्रत्यक्षात काय झालं? मेज-ए३ विरुद्धची लस फुप्फुसाच्या कॅन्सरच्या २,२०० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत तपासली. २०१४ मध्ये ती अपयशी ठरली. त्याआधी टी-पेशींना मेज-ए३ ओळखायला शिकवून शरीरात सोडण्याचे प्रयोग झाले. एका प्रयोगात पहिले दोन्ही रुग्ण काही दिवसांत हृदय बंद पडून गेले. शिकवलेल्या पेशी हृदयाच्या स्नायूतल्या टायटिन या भलत्याच प्रथिनाला मेज-ए३ समजल्या होत्या. आधीच्या चाचण्यांत हे दिसलं नव्हतं, कारण ताटलीतल्या हृदयपेशी धडधडत नव्हत्या. दुसऱ्या प्रयोगात दोन रुग्ण कोमात जाऊन दगावले. तिथे कारण आणखी बोचरं होतं: मेजच्याच कुटुंबातलं मेज-ए१२ मेंदूत थोडंसं चालू निघालं. 'इतरत्र कुलपात' हे वाक्य पाठ्यपुस्तकात लिहिणं सोपं आहे. मी जेव्हा माशीच्या मेंदूत, आतड्यात ही जनुकं किती हळू आवाजात बोलतात ते मोजत बसते, तेव्हा लोक विचारतात याचा उपयोग काय. उपयोग हाच आहे.

शेवटी यशही आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत सायनोव्हियल सार्कोमा या दुर्मिळ कॅन्सरसाठी मेज-ए४ वर नेम धरणाऱ्या टी-पेशींच्या उपचाराला मान्यता मिळाली. ज्या ४४ रुग्णांवरून ती दिली, त्यांतल्या सुमारे ४३ टक्क्यांची गाठ लहान झाली. किंमत सात लाख डॉलरच्या वर. किंमत कमी होऊ शकते. परळचं ते जुनं सेंटर पुढे टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झालं आणि आता खारघरला आहे, आणि टाटा मेमोरियल व आयआयटी मुंबई यांच्या कामातून निघालेल्या भारतीय कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तो रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे आणि त्याचं लक्ष्य वेगळं आहे, पण परदेशी उपचाराच्या काही अंशात तो मिळतो.

मेज-ए४ च्या उपचाराची अडचण पैशाआधीची आहे. पेशी आपल्या प्रथिनांचे तुकडे एचएलए नावाच्या रेणूवर मांडून दाखवते, आणि हा रेणू माणसामाणसात वेगळा असतो. हा उपचार एचएलए-ए०२ च्या ठरावीक उपप्रकारांवरच चालतो: ०२:०१, ०२:०२, ०२:०३ आणि ०२:०६. भारतीयांत ए०२ चा जो उपप्रकार बराच आढळतो तो ०२:११, आणि तो या यादीत नाही. जनुक तेच जागं झालेलं, गाठ तीच, आणि तरी रुग्णाला आधी स्वतःची खिडकी कुठली ते तपासून यावं लागतं.

रणदिवे बाई निवृत्तीनंतर अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, राजूरच्या भागात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करत होत्या आणि तिथल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवत होत्या. जुन्नरच्या उत्तरेचा डोंगर ओलांडला की लागतो तोच भाग. आमच्याकडच्या आणि तिकडच्या माणसांचे एचएलए उपप्रकार कुठले, किती, याचं तपशीलवार काम व्हायला हवं, आणि त्यासाठी माशीची गरज नाही. तुमच्यापैकी कोणी एम.एस्सी.ला प्रकल्प शोधत असाल, तर हा घ्या.